वाचनालयाच्या पैशातून मुक्त सॉफ्टवेअरच्या परिषदेला जाणं चूक की बरोबर?

सड्यावरची:

देवगड तालुक्यातल्या एका छोट्या वाचनालयाची मी कार्यवाह आहे. गावाचं नाव लिहीत नाही, कारण वाद घालणारी माणसं रोज भेटणारी आहेत आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. गणपती उरकल्यावर सप्टेंबरात बेंगळुरूला इंडियाफॉस म्हणून मुक्त सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो अशा सॉफ्टवेअरची, परिषद भरते, तिथे दोन दिवस जाऊन आले. तिकीट माझ्या खिशातून, पण गाडीभाडं ३,१०० रुपये वाचनालयाने दिलं. त्यावरून सभेत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं की कपाटांना वाळवी लागलीय, नवीन पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत आणि कार्यवाह बाई कॉम्प्युटरवाल्यांच्या संमेलनाला कशाला गेल्या? प्रश्न रास्त आहे. सभेत मला नीट बोलता आलं नाही, गळा दाटून आला, म्हणून इथे सविस्तर लिहिते, ज्यांना पटत नाही त्यांनीही स्पष्ट लिहा.

आमच्याकडे एक गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर दहा-अकरा वर्षं ते वाड्यावाड्यांतून फिरले, म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या, फुगडीची गाणी, पाणवठ्यांची नावं, कुठल्या कुणग्याला काय म्हणतात, खाडीतल्या कुठल्या खडपाचं नाव काय, सगळं वहीत उतरवून घ्यायचे आणि संध्याकाळी वाचनालयाच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर स्वतः टाइप करत बसायचे. १९९८ ते २००९. १,१०० च्या वर पानं भरतील. तेव्हाचं मराठी सॉफ्टवेअर रीतसर पावती करून घेतलेलं होतं, आणि त्याला मशीनच्या मागे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं एक लॉक होतं, काडेपेटीएवढं, ते लावल्याशिवाय फॉन्ट उठायचेच नाहीत. एका जूनमध्ये वीज पडली, मशीन जळलं, लॉकही जळलं. सीड्या वाचल्या पण फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टिंबं, उलटी प्रश्नचिन्हं. कंपनीला फोन केला तर म्हणाले ती आवृत्ती बंद झाली, नवीन पॅक घ्या, जुन्या फायली उघडतीलच असं सांगता येत नाही. गुरुजी तोवर गेले होते आणि वह्या वाळवीने खाल्ल्या होत्या. म्हणजे आमच्याच बायकांची गाणी, आमच्याच माणसाने टाइप केलेली, आमच्याच कपाटात आहेत आणि आम्हाला वाचता येत नाहीत. सात वर्षं मी हे बघत होते.

सावंतवाडी, आंबोली घाट, बेळगाव आणि तिथून रात्रीची गाडी असा प्रवास करून पोचले. भाषणं बरीचशी इंग्रजीत आणि निम्मी मला कळली नाहीत. पण दुपारी जेवणाच्या रांगेत एका मुलाशी बोलणं झालं, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, त्याला पेन ड्राइव्हमधली एक फाइल दाखवली. तो पायरीवर बसला आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन दीड तास उठलाच नाही. त्याने मला समजावलं ते आधी कुणीच समजावलं नव्हतं. जुन्या फॉन्टात मराठी अक्षर साठवलेलंच नसतं, इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठीचं चित्र बसवलेलं असतं, म्हणून फॉन्ट गेला की भाषाच गेली. युनिकोडात अक्षराला स्वतःचा नंबर असतो, फॉन्ट कुठलाही लावा. मग नुसतं या चित्राऐवजी ते अक्षर असं बदलून चालत नाही, कारण "किती" मधली पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत क च्या आधी टाइप होते आणि युनिकोडात क च्या नंतर, रफाराचं बरोबर उलटं. त्याने तो क्रम बदलणारा प्रोग्राम लिहिला, आणि पाच-सहा वेळा चुकून शेवटी एक पान उठलं. पहिल्या ओळीत आमच्या वाडीचं नाव होतं. मी तिथेच पायरीवर बसून मोठ्याने वाचलं.

ती फाइल साध्या मजकुराची होती. बाकीच्या पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या आहेत, पण त्या लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्ड-एक्सेलसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, उघडतात हेही तिथेच कळलं. लिबरऑफिस फुकट आहे हे माहीत होतं, पण बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या फायली उघडायचं काम कुणी हौसेने आणि चिकाटीने करून ठेवलंय हे माहीत नव्हतं. आत्तापर्यंत ३८० पानं झाली. एक अडचण राहिलीय ती खाली लिहीनच.

माझं म्हणणं एवढंच की आपण लिहिलेलं आपल्याला कुणाच्या परवानगीशिवाय वाचता आलं पाहिजे. याला तिथे डिजिटल स्वायत्तता म्हणत होते. ३,१०० रुपयात वाचनालयाला ती मिळाली असेल तर पुढच्या वर्षी मी परत जाईन, आणि एकटी नाही, शाळेतली दोन मुलं घेऊन जाईन. बोला.

क्लासवाला, रत्नागिरी:

ताई, गुरुजींच्या फायलींचं वाचून खरंच बरं वाटलं. पण शेवटच्या ओळीला माझा विरोध आहे. मी २२ वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवतोय. माझ्याकडे लांज्याहून, संगमेश्वरहून एसटीने मुलं येतात, कुणाची आई काजूच्या फॅक्टरीत, कुणाचे वडील बोटीवर खलाशी, त्यांना तीन महिन्यात एक सर्टिफिकेट आणि एक नोकरी हवी असते. हॉटेलात, सीएच्या ऑफिसात, शोरूममध्ये बसल्यावर समोर विंडोज, एक्सेल आणि टॅली असतं. तिथे पोराने सांगायचं का की मला लिबरऑफिस येतं? स्वायत्तता ज्याचं पोट भरलंय त्याला सुचते, हे कटू वाटेल पण मी रोज बघतोय.

आणि हा प्रयोग मोठ्यांनी करून झालाय. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये विंडोज सोडून लिनक्स या मुक्त सिस्टिमवर जायचं ठरवलं, दहा वर्षं घालवून १५,००० च्या आसपास मशीन बदलली आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जायचा ठराव केला. जर्मनीच्या श्रीमंत महापालिकेला जमलं नाही ते आपल्या वाचनालयाला कसं जमणार?

कलमवाला (पडेल):

मला कॉम्प्युटरमधलं फार कळत नाही पण लॉकची गोष्ट वाचून अंगावर काटा आला, कारण हेच आम्ही आंब्यात भोगतो. मोहोर यायच्या आधी फवारणीला, खताला, राखणीला पैसे लागतात, तेव्हा वाशीचा दलाल उचल देतो. गोड बोलून देतो, कागद नाही काही नाही. मग पेटी त्याच्याकडेच जाते. भाव तो सांगेल तो, पट्टी तो पाठवेल तेव्हा. दुसऱ्याकडे जावं तर आधी उचल फेड. झाड माझं, आंबा माझा, घाम माझा आणि भाव मात्र त्याच्या हातात. सॉफ्टवेअर आधी फुकट किंवा स्वस्तात देतात आणि मग सोडता येत नाही, ही उचलच झाली की. क्लासवाले सर, तुम्ही मुलांना नोकरीसाठी शिकवता ते चांगलंच करता, पण ही उचल आहे एवढं तरी त्यांना सांगा.

सड्यावरची:

@क्लासवाला सर, म्युनिकचं खरं आहे. पण त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० कॉम्प्युटर लिबरऑफिसवर न्यायचं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचे ४०,००० च्या वर मेलबॉक्स मुक्त सॉफ्टवेअरवर नेऊन झाले. आणि जर्मनीला कशाला जायचं, केरळ बघा. तिथल्या सरकारी शाळांत २००१ पासून आयटी अ‍ॅट स्कूल सुरू झालं आणि मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकतायत. केरळच्या मुलांना नोकऱ्या मिळत नाहीत असं कुणी म्हणेल का?

आमच्या गावच्या शाळेचंच सांगते. लॅबमध्ये ११ मशीन आहेत, दहा वर्षांपूर्वी देणगीत आलेली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ घालायचं तर टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय पाहिजे, प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचा पाहिजे, आमच्याकडे चौथ्या पिढीचे. मशीन चालू आहेत, कीबोर्ड चांगले आहेत, मुलं बसतात, आणि कुणीतरी लांब बसून ठरवलं की हे आता भंगार. दोन मशीनवर लिनक्स मिंट घातलंय. खरं सांगते, प्रिंटर दोन दिवस चालत नव्हता, स्कॅनर अजून चालत नाही. पण मुलं बसतायत.

डोंबिवलीहून:

मूळचा राजापूरचा, १७ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, रोजचं काम मुक्त सॉफ्टवेअरवरच. तरी ताई, मला तुमचं चित्र जरा जास्त उजळ वाटतंय, आणि त्यातले धोके मांडणं मला जबाबदारीचं वाटतं.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या लायब्ररीत, म्हणजे दुसरे प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडमध्ये, चोरून आत शिरायचा मागचा दरवाजा सापडला. ही लायब्ररी जगभरच्या लिनक्स मशीनवर असते आणि ती सांभाळणारा होता एक थकलेला माणूस, फुकटात काम करणारा. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोनेक वर्षं गोड बोलून त्याला मदत केली, विश्वास कमावला आणि मग विष कालवलं. सापडलं कसं, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं की सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो अर्धा सेकंद त्याने सोडून दिला असता तर? मुक्त म्हणजे आपोआप सुरक्षित नाही. सगळे वापरतात आणि सांभाळायला कुणी नाही, गावच्या सार्वजनिक विहिरीसारखं, पाणी सगळ्यांना हवं पण गाळ काढायला मे महिन्यात चार माणसं पण येत नाहीत.

दुसरं, स्वायत्तता म्हणता तर ही सगळी मंडळी कोड ठेवतात कुठे? गिटहब या वेबसाइटवर. ते २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने साडेसात अब्ज डॉलरला घेतलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या निर्बंधांमुळे इराण आणि क्रिमियातल्या लोकांची गिटहब खाती अडवली गेली. घर बदललं पण जमीन त्याच खोताची.

आणि तिसरं, हे तुम्हालाच विचारतो. त्या मुलाने लिहिलेला प्रोग्राम कुठे आहे? त्याला लायसन्स, म्हणजे इतरांना तो वापरायची लेखी परवानगी, लावलंय का? तो फक्त तुमच्या पेन ड्राइव्हवर असेल तर तुम्ही जुनं लॉक काढून नवीन लावलंय. तुमचं काही बरंवाईट झालं, देव करो आणि न होवो, की पुढचा कार्यवाह परत उलटी प्रश्नचिन्हं बघत बसेल.

अलिबागहून:

खोत म्हणालात म्हणून लिहितो. आमच्या चरी गावच्या कुळांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत. नारायण नागू पाटलांनी तो संप चालवला, बाबासाहेबांनी पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये खोती रद्द करायचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं. माझ्या पणजीने त्या सहा वर्षांत लाकूडफाटा विकून घर चालवलं असं आजोबा सांगायचे. आपण सॉफ्टवेअरमधली कुळंच आहोत. कसतो आपण, माल त्यांचा. सगळ्यांनी मिळून नाही म्हटल्याशिवाय बदलत नाही, आणि सगळे एकमेकांना भेटल्याशिवाय नाही म्हणत नाहीत. म्हणून परिषदेला जाणं महत्त्वाचं. ताई, जा.

डोंबिवलीहून:

अलिबागकर, पणजीबाईंना नमस्कार. पण ही तुलना मला मान्य नाही. चरीच्या कुळाला दुसरी जमीन नव्हती, उपाशी राहायची वेळ होती. आपल्याला कुणी एक्सेल वापरायची सक्ती केलेली नाही, आपण सोयीसाठी घेतलंय. त्या माणसांनी जे सोसलं त्याच्या पंगतीला आपली सोय बसवू नये.

पतसंस्थेत आहे:

सक्ती नाही म्हणता? मी सिंधुदुर्गातल्या एका पतसंस्थेत हिशेब बघते. नाव नको. आमचं सॉफ्टवेअर एका कंपनीचं, दर वर्षी देखभालीचे पैसे, ते तीन वर्षांत दुप्पट झाले. संचालक मंडळाने दुसरीकडे जायचं ठरवलं तर कंपनी म्हणते डेटा देतो की, आणि पीडीएफ दिली. ४,००० च्या वर खातेदार, त्यांची खाती, कर्ज, हप्ते, तारणाचं सोनं, सगळं पीडीएफमध्ये! ती नवीन सिस्टिममध्ये घालायची म्हणजे माणसाने बसून परत टाइप करायचं. डेटाबेसचा पासवर्ड मागितला तर तो आमचा आहे म्हणाले. करारात डेटा कुठल्या स्वरूपात परत द्यायचा ते लिहिलेलंच नव्हतं. आम्ही अजून तिथेच आहोत. आता सांगा दादा, ही सोय आहे की सक्ती? मला मुक्त सॉफ्टवेअर हवं की नको ते नंतर बघू, पण करारात एक ओळ घाला की मुदत संपल्यावर सगळा डेटा कुठल्याही प्रोग्राममध्ये उघडेल अशा फाइलमध्ये द्यायचा. कुणाच्या पतसंस्थेचा, शाळेचा, ग्रामपंचायतीचा करार व्हायचा असेल तर आजच हे सांगा.

क्लासवाला, रत्नागिरी:

हे मात्र मला पटलं. ही ओळ मी क्लासमध्ये शिकवीन, मुलं उद्या अशाच ऑफिसात बसणार आहेत.

बाकी ताई, केरळचं उदाहरण तुम्ही दिलंत पण अर्धं दिलंत. तिथे सरकार मागे उभं राहिलं, शिक्षकांना ट्रेनिंग दिलं, मल्याळममध्ये पुस्तकं केली, बिघडलं तर येऊन बघणारी माणसं ठेवली. तुमच्याकडे काय आहे? तुम्ही एकट्या. तुम्ही नसलात की त्या दोन मशीनवर मिंट कोण बघणार? मुलं विंडोज टाकून मागतील आणि कुणीतरी चोरीची कॉपी टाकून देईल, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एकट्या माणसाच्या उत्साहावर संस्था उभी करू नका. आधी तालुक्यात पाच माणसं तयार करा, मग मुलांना घेऊन बेंगळुरूला जा.

तर्कट:

भाषणं तर यूट्यूबवर फुकट असतात. ब्रुसेल्सला फॉसडेम ही मुक्त सॉफ्टवेअरची मोठी परिषद भरते, प्रवेश फुकट आणि सगळे व्हिडिओ नेटवर. इंडियाफॉसचे पण असतात. मग ३,१०० रुपये गाडीत का घालवायचे? तेवढ्यात वाचनालयाला वीस तरी पुस्तकं आली असती. मलाही त्या ज्येष्ठ सभासदांचंच बरोबर वाटतं. वर्गणी पुस्तकांसाठी असते.

सड्यावरची:

@तर्कट, भाषणांसाठी गेले असते तर तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. पण तो मुलगा पायरीवर बसून दीड तास माझ्या फाइलशी झटापट करत होता त्याचा व्हिडिओ कुठेच नाही. तो माझ्यासमोर विचारत होता की ताई हे कुठलं अक्षर, हे "ळ" आहे का, आणि मी सांगत होते. त्याला मराठी वाचता येत होतं पण आमच्याकडचे शब्द माहीत नव्हते, मला शब्द माहीत होते पण प्रोग्राम येत नव्हता. दोघं शेजारी बसल्याशिवाय ते पान उठलं नसतं. आणि वर्गणी पुस्तकांसाठी असते म्हणता तर गुरुजींची १,१०० पानं हे पुस्तक नाही का? ते दुसऱ्या कुठल्याच वाचनालयात मिळणार नाही.

@क्लासवाला सर, एकटीचं म्हणालात ते लागलं, कारण खरं आहे. तुम्ही पाचातले एक व्हाल का? मनापासून विचारते.

@डोंबिवली दादा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाने मला रात्री झोप लागली नाही. प्रोग्राम माझ्याकडेच होता आणि लायसन्सचं मी विचारलंच नव्हतं. आज सकाळी त्या मुलाला फोन केला. तो म्हणाला जीपीएल, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरचं लायसन्स, लावतो आणि सगळ्यांना दिसेल असा ठेवतो. गिटहबशिवाय आणखी एका ठिकाणीही ठेवायला सांगितलं. एक प्रत शाळेत, एक वाचनालयात, आणि कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं अक्षर तो तक्ता कागदावर छापून रजिस्टरला चिकटवला. एवढं पुरे का?

डोंबिवलीहून:

पुरे. कागदावरचा तक्ता सगळ्यात उत्तम, तो मला सुचला नसता. कोड आला की मी वाचून काढेन, तेवढं माझ्याकडे लागलं.

भारतीय:

एवढी चर्चा कशाला? सरळ आपल्या देशातल्या कंपनीचं वापरा. केंद्र सरकारने सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोवर नेले, कंपनी आपली, सर्व्हर आपल्याकडे. हीच खरी स्वायत्तता.

डोंबिवलीहून:

इथे मी ताईंच्या बाजूने. देशी कंपनी चांगलीच, मला अभिमान आहे. पण देशी आणि मुक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोहोचं ऑफिस मुक्त सॉफ्टवेअर नाही. गुरुजींचं लॉकवालं सॉफ्टवेअर कुठलं होतं? मराठी फॉन्टचं म्हणजे बहुतेक आपल्याच देशातलं असणार. परदेशी कंपनी दुसऱ्या देशाच्या कायद्याने बांधलेली असते हा धोका मात्र खरा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपने निर्बंध घातल्यावर गुजरातच्या वाडीनारची रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा थांबल्या, कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील लावता आला. पतसंस्थेच्या ताईंना कोण वकील देणार? म्हणून देशी असो की परदेशी, बाहेर पडायचा रस्ता आधी बघून मग आत जायचं.

खाडीपलीकडे:

ताईनू, तुमचा सगळा बराबर, पण माका एक सांगा. आमच्या वाडीत रेंजच नाय. १६ मे २०२१ क तौक्ते वादळ इला तेव्हा आठ दिवस लाइट नाय, टॉवर बंद, बाप समुद्रात बोट बांधूक गेलेलो तो खय आसा ता कळूक मार्ग नाय. आमका सॉफ्टवेअर मुक्त आसा काय बांधलेला आसा त्याचो काय उपयोग? पयली लाइट देवा, टॉवर देवा, मग परिषदा करा.

सड्यावरची:

भाऊ, तुमचं म्हणणं आधी यायला हवं होतं. तौक्तेत आमच्याकडे पाच दिवस काळोख होता. पण म्हणूनच मी म्हणते की सगळं दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवू नका. किविक्स म्हणून मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया एका साध्या पेन ड्राइव्हवर मावतो आणि रेंज नसताना उघडतो. आमच्या लॅबमध्ये घातलाय. टॉवरची मागणी तुमच्याबरोबर मीही करीन, ती यापेक्षा मोठी आहे हे मान्य.

आता राहिलेली अडचण. ३८० पानांत एक गोंधळ झालाय. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या, युनिकोडात दुसऱ्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे, पण आमच्या प्रोग्रामने दोन्ही सारखंच केलं. लेखात असेल तर वाक्यावरून कळतं. ओवीत कळत नाही. पान ३१२ वर एक बाई दारात उभी राहून भावाची वाट बघत्येय. शब्द "दर्या" असेल तर भाऊ होडीतून येतोय, "दऱ्या" असेल तर घाटावरून उतरून येतोय. मूळ फाइलमध्ये दोन्हींची चिन्हं वेगळी होती, पण या पानाची सीडी तिथेच खराब आहे. कुणाकडे मोठं माणूस आहे का ज्याला भावाची वाट बघायची ओवी येते?

क्लासवाला, रत्नागिरी:

मी पाचातला एक. डिसेंबरात देवगडला येतोय, एक मशीन दाखवा आणि स्कॅनरचं मॉडेल कळवा. आणि खराब सीडी फेकू नका, वेगळ्या ड्राइव्हवर हळू स्पीडने लावून बघू, कधीकधी वाचते.

खाडीपलीकडे:

ताईनू, माझ्या आजयेक इचारलंय. ८४ वर्षांची आसा, माहेर तुमच्याच बाजूचा. ती ओवी तिका येता, फोनवर म्हणून दाखवल्यान. पण ती म्हणता दोनय म्हणतत. खालच्या वाडीतले बायको दर्या म्हणतत कारण थयचे भाव बोटीर जायत, वरच्या वाडीतले दऱ्या म्हणतत. गुरुजींनी ती कोणाकडसून लिवन घेतली ता बघा.

सड्यावरची:

प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात ते बाईचं नाव आणि वाडी लिहायचे. कोपरा मी अजून बदललाच नव्हता, नुसती ओवी बदलत होते. उद्या वाचनालय उघडल्यावर बघते. आणि भाऊ, आजींनी म्हटलेली ओवी फोनमध्ये रेकॉर्ड करून घ्या, दोन्ही तऱ्हेने म्हणायला सांगा. मी पुढच्या रविवारी खाडी ओलांडून त्यांना भेटायला येते.